घरी सोडा आणलाय, आता कशाबरोबर काय प्यायचं? नवशिक्यांसाठी पायरी पायरीने

सोडा म्हटलं की आपल्याकडे अजूनही दोनच गोष्टी आठवतात, एकतर जेवण जड झालंय नाहीतर काकालोकांची बैठक बसणार आहे. नुसता सोडा जेवणाबरोबर घ्यायचा आणि तोही आवडीने, हे आपल्या घरांत तसं नवीनच. पण आता दादर म्हणा, पार्ला म्हणा, ठाणं म्हणा, कुठल्याही बऱ्यापैकी सुपरमार्केटात स्पार्कलिंग वॉटरच्या बाटल्यांची रांग लागलेली असते, हॉटेलात वेटर विचारतो स्टिल का स्पार्कलिंग आणि आपण बिलाचा आकडा आठवून घाईघाईने "रेग्युलर, रेग्युलर" म्हणतो, आणि कोणीतरी भेट दिलेला सोडा मेकर माळ्यावर खोक्यातच पडून असतो.

मग एखाद्या रविवारी हौसेने बाटली उघडली जाते, ती नेमकी झणझणीत मिसळीबरोबर, तोंडाची आग आग होते, आणि "आपल्याला नाही बाबा हे झेपत" म्हणून विषय संपतो. किंवा मग ग्लासात अर्धा सिरप आणि अर्धा सोडा, म्हणजे घरी बनवलेलं कोल्ड्रिंकच झालं ते. मी बरीच वर्षं हा उद्योग करतेय, पाहुण्यांवर प्रयोग करून झालेत, तर जे कळलंय ते ओळीने लिहून टाकते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, बाकी सगळं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा. आधी गॅस किती आहे ते बघा, मग मीठ किती आहे, मग ताटात काय आहे, आणि फ्लेवर सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट करतो, म्हणून जोडी जमत नाही.

आधी हे जमवून ठेवा

- दोन प्रकारचा सोडा, एक जोरदार गॅसचा (आपला नेहमीचा पॅकेज्ड सोडा चालेल) आणि एक मऊ बुडबुड्यांचा, म्हणजे कमी टोचणारा
- उंच, सरळ ग्लास, पसरट नको
- लांब दांड्याचा चमचा, फालुद्याचा असतो तसा
- बारीक गाळणी
- कागदी लिंबं, आलं, पुदिना
- पादेलोण, शेंदेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड
- कोकम आगळ आणि अमृत कोकम (दोन्ही वेगळे आहेत, खाली सांगते)
- साखरेचा पाक, साखर नव्हे
- फ्रीजमध्ये जागा. मुंबईच्या घरात हीच सगळ्यात महाग वस्तू

१. लेबल वाचा

बाहेरून सगळ्या बाटल्या सारख्याच वाटतात पण आत चार वेगळी प्रकरणं असतात. पहिलं, ज्याच्या घटकांत फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड लिहिलेलं असतं, हे सगळ्यात कोरं. दुसरं क्लब सोडा, यात थोडे क्षार मुद्दाम टाकतात, बहुतेक वेळा सोडियम बायकार्बोनेट वगैरे, त्यामुळे चव किंचित खारट आणि गोलसर लागते. तिसरं झऱ्याचं नैसर्गिक मिनरल वॉटर, जे बाहेरून येतं, फ्रान्सचं पेरिए, इटलीचं सॅन पेलेग्रिनो, जर्मनीचं गेरोलस्टाइनर. यातलं पेरिए चांगलंच टोचतं, सॅन पेलेग्रिनो मऊ आहे, आणि गेरोलस्टाइनरमध्ये क्षार भरपूर, म्हणजे पाण्याला स्वतःची चव आहे. किंमत आपल्या साध्या सोड्याच्या कितीतरी पट, त्यामुळे ते रोज प्यायचं काम नाही, पण एकदा दोन-तीन मित्रमैत्रिणींत मिळून एकेक बाटली आणा आणि शेजारी शेजारी ओतून चाखा, फरक लगेच कळतो.

चौथं टॉनिक, आणि इथेच नवे लोक फसतात. टॉनिक म्हणजे सोडा नव्हे. त्यात क्विनाइन असतं म्हणून कडू आणि तो कडवटपणा झाकायला साखर असते, चांगली भरपूर. "मी हल्ली कोल्ड्रिंक सोडलंय, टॉनिक पितो" म्हणणारे भेटतात, त्यांना लेबल दाखवा. (बारमधल्या जांभळ्या लाइटखाली टॉनिक निळं चमकतं ते त्या क्विनाइनमुळेच, पोरांना दाखवायला मस्त आहे.)

लेबलवर सोडियमची ओळ बघायची सवय लावा. ब्लड प्रेशरवाल्यांनी तर बघाच, पण चवीसाठीही उपयोग होतो. फरसाण, खारे काजू, चीज असलं आधीच खारट काही असेल तर कमी सोडियमचं पाणी घ्या, नाहीतर मीठ मिठावर चढतं आणि तहान भागायच्या ऐवजी वाढते.

२. थंड म्हणजे खरंच थंड करा

ही पायरी सगळेजण उडवतात आणि मग म्हणतात सोड्यात दम नाही. गॅस थंड पाण्यात जास्त विरघळतो. साध्या हवेच्या दाबाला ० अंशावर एका लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो आणि २५ अंशावर जेमतेम पाऊण लिटर, म्हणजे निम्म्याहून कमी. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये आपल्या स्वयंपाकघरात तर तीसच्या वरच असतं. कोमट बाटली उघडली की अर्धा गॅस तिथेच फुस्स, उरलेला ग्लासात पडता पडता.

तर बाटली आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये, तीही मागच्या बाजूला, दारात नको कारण दार सारखं उघडतं. ग्लासही थंड करून घ्या. फ्रीजरमध्ये टाकून "दहा मिनिटांत काढते" हा प्रकार अजिबात करू नका, विसरायला होतं, पाणी गोठताना फुगतं आणि काचेची बाटली असेल तर फुटून पुढचा तास काचा वेचण्यात जातो.

बर्फाचं पण एक आहे. चुरा केलेला बर्फ घातला की त्याच्या खडबडीत कडांवर गॅस झपाझप बाहेर पडतो. मोठे तुकडे घ्या, एकदा थंड पाण्याखाली धरा म्हणजे वरचा खरखरीतपणा जातो, आणि मगच ग्लासात टाका. बाटली नीट गार असेल तर बर्फ लागतच नाही खरं तर.

३. आधी नुसता पिऊन बघा

काहीही न घालता एक घोट घ्या आणि तोंडात काय होतंय त्याकडे लक्ष द्या. दोन गोष्टी होतात, किंचित आंबट लागतं आणि टोचतं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनिक आम्ल बनवतो, जिभेवर आंबट ओळखणाऱ्या पेशींपाशी एक एन्झाइम असतं ते या गॅसचं आम्लात रूपांतर करतं आणि मेंदूला निरोप जातो, आंबट. हे २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून नीट दाखवलं गेलं. टोचणं वेगळं, ते वेदनेच्या नसेतून कळतं, आणि गंमत म्हणजे बुडबुडे फुटतात म्हणून टोचत नाही, लोकांना प्रेशर चेंबरमध्ये बसवून बुडबुडे न होऊ देता सोडा पाजला तरी तेवढाच टोचला. हिमालयात ट्रेकला गेलेल्यांनी ऐकलं असेल, उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी चालू असताना कोल्ड्रिंक एकदम सपक लागतं. ती गोळी याच जातीच्या एन्झाइमला अडवते.

हे सांगायचं कारण असं की ग्लासात नुसता सोडा असला तरी त्यात आंबट आणि तिखटासारखं टोचणारं असं आधीपासूनच आहे. वर लिंबू पिळलं की आंबटावर आंबट. आणखी एक, गॅस असला की गोड कमी लागतं. म्हणून तर गॅस गेलेलं कोमट कोल्ड्रिंक एवढं गोडमिट्ट लागतं, साखर तेवढीच असते.

आता दुसऱ्या ग्लासात चिमूटभर शेंदेलोण थोड्या पाण्यात विरघळवून घाला, वर सोडा, आणि पुन्हा चाखा. टोचणं जरा निवतं आणि चव भरते. हे दोन घोट शेजारी शेजारी घेतलेत की पुढचं सगळं सोपं जाईल.

४. ताट बघून निवडा

खरा मजकूर इथे आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तळलेलं असेल तर जोरदार गॅस, एकदम गार, आणि गोड अजिबात नाही. बटाटवडा, कांदाभजी, कोथिंबीर वडी, अळूवडी, यांच्यानंतर टाळूवर तेलाचा एक थर बसल्यासारखा होतो, आंबट आणि टोचणारा सोडा तो धुऊन काढल्यासारखा वाटतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. एक तोटा आहे, मोजून चार भजी खायची ठरवली असतील तर आठ जातात.

बोंबील फ्राय माझा सगळ्यात आवडता. वरून रव्याचा कुरकुरीत थर आणि आत मऊ लुसलुशीत मासा, त्यात स्वतःची चव एकदम हलकी, त्यामुळे ग्लासात मसाला-बिसाला काही नको. साधा गार सोडा घ्या, लिंबाचा रस न पिळता सालीचा एक तुकडा ग्लासावर चिमटीत वाकवा, सालीतलं तेल बारीक फवाऱ्यासारखं उडतं आणि पाण्यावर बसतं. वास लिंबाचा येतो, आंबटपणा वाढत नाही. सुरमई, पापलेट तव्यावरचं असेल तरी हेच. मात्र माशाचं कालवण आणि भात असेल तर गोष्ट वेगळी, त्यात नारळ आहे, आंबटाला कोकम आहे, तिथे मऊ बुडबुड्यांचं पाणी आणि ग्लासात पुन्हा कोकम नको. सोलकढी असेल तर सोडा ठेवूनच द्या, दोन्ही एका जेवणात भांडतात. आणि सोलकढीतच सोडा ओतायची आयडिया कोणाला सुचली असेल तर नका करू, आंबट आणि नारळाचं दूध आधीच जेमतेम एकत्र नांदत असतात, वरून फेस आणि तवंग वेगळे होतात आणि दिसायला फार वाईट दिसतं.

तिखट असेल तर सावध. मिसळ, तांबडा रस्सा, ठेचा-भाकरी, इथे नवे लोक गार सोड्याकडे धावतात कारण थंड आहे. पहिला सेकंद बरं वाटतं, मग आग दुप्पट. मिरचीचं तिखट आणि सोड्याचं टोचणं दोन्ही एकाच नसेने मेंदूपर्यंत जातं, आणि मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणजे धुतलं काहीच जात नाही आणि वर आणखी टोचणी. अशा वेळी ताकच. सोडाच हवा असा हट्ट असेल तर ग्लास ओतून पाचेक मिनिटं ठेवा, गॅस थोडा जाऊ द्या, आणि अमृत कोकम जरा सढळ हाताने घाला, साखर तिखट सांभाळते.

वडापाव या दोन्हींच्या मधे येतो. वडा तळलेला पण लसणाची सुकी चटणी तिखट. तिथे मिठाचा लिंबू सोडा बरोबर जातो, फक्त शेजारची तळलेली मिरची चावून लगेच घोट घेऊ नका.

भेळ, शेवपुरी, दहीपुरी यांच्यात आंबट-गोड-तिखट-खारट सगळं आधीच कोंबलेलं आहे. तिथे मसाला सोडा म्हणजे गर्दीत आणखी एक माणूस. साधा सोडा, बस.

गोडाधोडाला बहुतेकांना सोडा सुचत नाही, पण पुरणपोळी आणि वर तुपाची धार, किंवा उकडीचा मोदक फोडून त्यात तूप, याच्याबरोबर काहीही न घातलेला मऊ सोडा लहान लहान घोटांनी घेऊन बघा. दोन घासांच्या मधे. तूप आणि गूळ दोन्ही जरा मागे सरकतात आणि वेलची-जायफळ पुढे येतं. श्रीखंड स्वतः आंबट आहे म्हणून तिथे गॅस कमीच बरा. बासुंदी, रबडी याच्याबरोबर लिंबू घातलेला सोडा मात्र नको.

पारशी जेवणाबरोबर तर ही जोडी आपल्या शहराने कधीच ठरवून टाकलीय. धनसाक, सल्ली बोटी, बेरी पुलाव आणि शेजारी लालभडक रास्पबेरी सोडा. पालनजी १८६५ पासूनची आणि ड्यूक्स १८८९ पासूनची, दोन्ही याच मुंबईत पारशांनी सुरू केलेल्या सोडा कंपन्या. बॅलार्ड इस्टेटला १९२३ पासून असलेल्या ब्रिटानियात बसून बेरी पुलावाबरोबर तो लाल सोडा पिणारे लोक बघा, कोणी त्यांना पेअरिंग शिकवलेलं नाही. तेलकट-मसालेदार जेवणाला गॅस कापतो, मसाल्याला साखर सांभाळते, पुलावातल्या आंबटगोड बेरीला बेरीच भेटते. वर मी गोड नको म्हटलं ते तळलेल्याला, इथे ते लागू नाही.

कॉफीबद्दल थोडक्यात. इटलीत एस्प्रेसोबरोबर छोटा ग्लास सोडा देतात तो कॉफीच्या आधी प्यायचा, तोंड साफ व्हायला. कॉफीतच सोडा हवा असेल तर ग्लासात आधी बर्फ आणि सोडा, आणि वरून गार केलेली कडक कॉफी चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. उलटं केलंत तर फेस टेबलावर. चहाबरोबर सोड्याचं काही जमत नाही, बनमस्का खायचा तर चहाच प्या.

५. आता फ्लेवर

कोकम आधी, कारण आपलं आहे. दुकानात आगळ आणि अमृत कोकम अशा दोन बाटल्या असतात, दोन्ही लाल. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, साखर नाही. अमृत कोकम म्हणजे साखरेतलं सिरप. आगळ समजून अमृत कोकम सोलकढीत गेलं किंवा उलट झालं तर काय होतं ते सांगायला नको. सोड्यासाठी मला दोन्ही मिळून आवडतं, एक छोटा चमचा आगळ, दोन मोठे चमचे अमृत कोकम, चिमूटभर जिरेपूड आणि २०० मिली सोडा. आगळात मीठ आहेच, वेगळं घालू नका.

कैरीचं पन्हं असेल तर नेहमीसारखं पातळ न करता घट्टच ठेवा, एकाला तीन सोडा. गूळ घातलेलं पन्हं साखरेच्या पन्ह्यापेक्षा सोड्यात जास्त छान लागतं असं माझं ठाम मत आहे, घरात यावर वाद आहेत.

आलं किसून, पिळून, गाळून घ्या, तंतू राहिले की फेस होतो. गवती चहा साखरेच्या पाकात उकळून ठेवला तर आठवडाभर फ्रीजमध्ये राहतो आणि साध्या सोड्यात एक चमचा पुरतो, तळलेल्या माशाबरोबर एक नंबर. पुदिना कुटू नका, कडवट होतो, तळहातावर ठेवून एक टाळी द्या आणि तसाच टाका. जांभळाचा रस असेल तर पादेलोण हवंच. कलिंगडाचा रस निम्मा आणि सोडा निम्मा, कारण त्याची चव नाजूक आहे, जास्त सोड्यात हरवते.

भिजवलेला सब्जा घालून बघा एकदा, चवीला नाही तर बघायला, एकेका दाण्याला बुडबुडे चिकटतात, दाणा वर येतो, बुडबुडे फुटले की खाली बसतो, पुन्हा वर. लहान मुलं ग्लास संपवायचंच विसरतात.

आमरस अवघड आहे. घट्ट, तंतू, फेस प्रचंड. करायचाच तर गाळून, पातळ करून, थोडा थोडा सोडा घालत. केळं, चिकू, सीताफळ यांच्या नादी लागू नका. दूध आणि सोडा उत्तरेत पितात, दोन्ही गारेगार असेल तर जमतंही, पण त्यात लिंबू किंवा कोकमाचा थेंब गेला तर फाटतं.

६. ग्लास भरायचा क्रम

हे वाचायला फालतू वाटेल पण निम्मी गडबड इथेच होते. भरलेल्या सोड्यात वरून मीठ किंवा चाट मसाला टाकला की काय होतं ते बघितलंय ना, पांढरा फेस उसळून ग्लासाबाहेर, टेबलावरचं मेणकापड ओलं, आणि ग्लासात उरतं ते गॅस गेलेलं खारं पाणी. मिठाच्या प्रत्येक कणाच्या खडबडीत पृष्ठभागावर गॅसला बाहेर पडायला जागा मिळते, हजारो कण एकदम पडले की सगळा गॅस एकदम निघतो. म्हणून मीठ नेहमी आधी.

तर असा क्रम ठेवा. ग्लासाच्या तळाला मीठ, जिरेपूड, मसाला. त्यावर लिंबाचा रस किंवा सिरप, आणि मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. इथेच ढवळायचंय, नंतर नाही. मग बर्फाचे मोठे तुकडे. मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा, अर्ध्यापर्यंत आल्यावर ग्लास सरळ करा आणि उरलेला भरा. शेवटी लांब चमचा तळापर्यंत नेऊन फक्त एकदा वर उचला, खालचं सिरप आपोआप वर येतं. गरगर फिरवायचं नाही. साखरेचे दाणे पण याच कारणासाठी नकोत, पाकच हवा.

सोडा घातलेलं काहीही मिक्सरमध्ये, शेकरमध्ये किंवा घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये घालू नका. दाब वाढतो आणि झाकण उडतं.

७. घरी सोडा करायचा असेल तर

दोन प्रकार मिळतात. एक मशीन, ज्यात मोठा सिलिंडर बसतो, आणि एक सायफन बाटली, ज्यात ८ ग्रॅमची छोटी कार्ट्रिज लावतात. अधूनमधून लागत असेल तर सायफन पुरतो, रोज लागत असेल तर मशीन. पण आधी महिनाभर बाटल्या आणून प्या, खरंच रोज लागतो का ते कळेल, माळ्यावरच्या खोक्यांत आणखी एकाची भर नको.

ऑनलाइन मागवताना मोठा धोका म्हणजे क्रीम फेटायच्या यंत्राची कार्ट्रिज, दिसायला अगदी सारखीच पण त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. सायफनला कार्बन डायऑक्साइडच लागतो. खोक्यावर नीट वाचा, नुसतं "चार्जर" लिहून ऑर्डर करू नका. गॅस फूड ग्रेडच हवा, वेल्डिंगवाल्याकडून सिलिंडर भरून आणायची अक्कल कोणी शिकवेल, ऐकू नका.

मशीनमध्ये फक्त पाणी भरायचं. सरबत, ज्यूस, पन्हं घालून बटण दाबलंत तर फेस नळीतून वर जातो आणि भिंतीवर. पाणीही आधी फ्रीजमध्ये गार केलेलं हवं, नाहीतर कितीही वेळा बटण दाबा, गॅस धरत नाही.

पाणी कुठलं वापरताय हेही बघा. तानसा, वैतरणा, भातसाचं मुंबई पालिकेचं पाणी मुळात मऊ असतं, क्षार कमी, सोडा कोरा आणि स्वच्छ लागतो. फक्त क्लोरीनचा वास येत असेल तर कार्बन फिल्टरमधून गाळून किंवा उकळून गार करून घ्या, कारण गॅसबरोबर वासही नाकात येतो आणि साध्या पाण्यात न जाणवणारा क्लोरीन सोड्यात जाणवतो. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आधी चाखा, खारं पाणी सोड्यात आणखी खारं वाटतं.

आणि लिंबाच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकून फसफसवलेलं म्हणजे सोडा वॉटर नव्हे, फेस येतो पण लिंबाचा आंबटपणा मरतो आणि साबणासारखी चव राहते.

८. बाहेर पिताना

गोटी सोडा दिसला तर जरूर घ्या. ती गळ्यात गोटी अडकलेली बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केली, गॅसच्या दाबानेच गोटी वर रबराला घट्ट बसते, वेगळं झाकण लागतच नाही. बाकी जगात ती बहुतेक ठिकाणी गेली, आपल्याकडे टिकली. सोडेवाला अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळीने गोटी आत ढकलतो तेव्हा जो आवाज येतो त्यावरून गॅस किती आहे ते कळतं, दबका आवाज आला तर दुसरी मागा.

मसाला सोडा मागताना मीठ-मसाला आधी ग्लासात टाकतो का नंतर ते बघा, नंतर टाकत असेल तर "आधी टाका ना दादा" म्हणा, चांगले लोक ऐकतात. रेस्टॉरंटात फ्रेश लाइम सोडा स्वीट, सॉल्ट का मिक्स विचारतील, तळलेलं मागवलं असेल तर सॉल्ट, पंजाबी ग्रेव्ही असेल तर मिक्स. आणि पाक व सोडा वेगळा आणायला सांगा, बाटली टेबलावर उघडली की गॅस आपल्या वाट्याला येतो. पावसाळ्यात रस्त्यावरचा बर्फ टाळा, नुसती गार बाटली घ्या.

९. स्वयंपाकात

बटाट्याची, पालकाची, घोसाळ्याची भजी करताना पीठ गारेगार सोड्यात भिजवा, अगदी तळायच्या आधी, आणि फार फेटू नका. तेलात पडल्यावर गॅस निघतो आणि आवरण हलकं होतं. कांदाभजीला याचा उपयोग नाही, तिथे कांद्याच्या पाण्यातच पीठ भिजायला हवं.

१०. कोणी जपून

ॲसिडिटीचा त्रास असेल, पोट पटकन फुगत असेल त्यांनी जेवणाबरोबर छोटा ग्लासच घ्यावा आणि स्ट्रॉ टाळावी. ब्लड प्रेशरवाल्यांनी क्लब सोड्याचं सोडियम बघावं आणि मसाला सोड्यातलं पादेलोणही हिशोबात धरावं. उपासाला चालतो का हे मला विचारू नका, तुमच्या घरी जे मोठे असतील त्यांना विचारा.

उरलेल्या सोड्याचं झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. मोठ्या बाटलीत तळाशी थोडाच उरला असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ ओता, वर मोकळी जागा जितकी जास्त तितका गॅस त्यात निघून जातो. बाटली दाबून हवा काढून झाकण लावायची युक्ती बरेच जण सांगतात, तिचा फायदा नाही, दाबलेली बाटली पुन्हा फुगायला सोड्यातलाच गॅस खर्ची पडतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा, नाहीच संपला तर भज्यांचं पीठ भिजवण्याऐवजी सरबतालाच वापरा, कारण भज्यांना ताजाच सोडा लागतो.